ख्रिस्ती घटस्फोटातील विलंब : बुऱ्हाणपूर ते जबलपूर

घटस्फोटास किती काळ लागतो आणि तो लवकर मिळण्यास काही मार्ग आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा वकिलाच्या आधी पाळकापुढे येतो. आपण बहुधा न्यायालयांच्या दिरंगाईकडे बोट दाखवून मोकळे होतो. ख्रिस्ती जनांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. कारण आपल्याला लागू असलेल्या कायद्यात विलंब हेतुपुरस्सर घातलेला होता.

१८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याकडे प्रथम पाहावे. हेन्री मेन त्या वेळी सरकारचे विधिसदस्य होते. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस तिच्या पतीने वा पत्नीने धर्मांतराच्या कारणाने टाकले, तर तिने सहा महिन्यांनंतर न्यायालयात जावे. नांदण्यास नकार आल्यास प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवावे. वर्षाअखेर पुन्हा विचारावे आणि नकार कायम असेल तरच विवाह मोडावा, अशी ती रीत होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील पौलाची शिकवण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कायद्याचे मूळ सांगावयास नको. येथील वर्ष मन वळण्यासाठी राखलेले होते. ते जाचक वाटले तरी निरर्थक नव्हते.

१८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यातील विलंब मात्र निराळ्या जातीचा होता. इंग्लंडमध्ये १८५७ साली घटस्फोट न्यायालयाच्या कक्षेत आला आणि लागलीच पतिपत्नी संगनमताने खोटे पुरावे रचतील अशी धास्ती उत्पन्न झाली. म्हणून तेथे हुकूम प्रथम तात्पुरता द्यावा, व काही महिन्यांनी तो कायम करावा असे ठरले. हिंदुस्थानात याच धास्तीतून सतरावे कलम आले. जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोटाचा हुकूम उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून पुरा होत नसे. जेथे तीन किंवा अधिक न्यायाधीश असतील तेथे तिघांच्या पीठापुढे तो जावा लागे. आणि सहा महिने उलटल्याखेरीज तो कायम करता येत नसे. दावा कोणी लढविला नसला तरी यातून सुटका नव्हती. कायम झाल्यावरही पुनर्विवाहास आणखी सहा महिने थांबावे लागे.

याचा अर्थ बुऱ्हाणपुरासारख्या ठिकाणी काय होत असेल ते पाहावे. हे शहर १८६० मध्ये शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले व पुढे निमाड जिल्ह्याबरोबर मध्य प्रांतात गेले. १९५६ पासून त्याचे उच्च न्यायालय जबलपूर. इंदूर जवळ असूनही तेथील खंडपीठाकडे हा भाग गेला नाही. जुन्या मध्य प्रांताची सीमा न्यायालयांच्या कक्षेत अशी टिकून राहिली. बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाले ते २००३ मध्ये. तोवर जिल्ह्याचे ठिकाण खांडवा होते. म्हणजे खांडव्यास हुकूम मिळालेल्या स्त्रीचा कागद इटारसीवरून जबलपुरास जाणार, आणि तिघा न्यायमूर्तींचे पीठ बसेपर्यंत ती कायद्याने विवाहितच राहणार. हिंदू शेजारणीला १९५५ च्या कायद्याखाली अशा मान्यतेची गरज नव्हती. त्यात भर अशी की, पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग अशी आणखी एखादी गोष्ट दाखवावी लागे. परस्पर संमतीचा मार्ग तर बंदच होता. १९८२ मध्ये रेनॉल्ड राजमणी प्रकरणात तो मागितला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हे काम विधिमंडळाचे आहे असे म्हणून नकार दिला. ज्या संगनमताची १८६९ मध्ये भीती होती, तेच संमतीच्या रूपाने हिंदू दांपत्यास १९७६ पासून उघडपणे करता येत होते!

२००१ च्या एक्कावन्नाव्या कायद्याने हे बदलले. उच्च न्यायालयाची मान्यता गेली, स्त्रीपुरुषांना समान कारणे मिळाली आणि दहा-अ या कलमाने संमतीचा घटस्फोट आला.

रोमन कॅथलिक वाचकांस येथे एक साम्य जाणवेल. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये विवाह शून्य ठरविण्यास दोन न्यायपीठांचे एकमत आवश्यक केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती दुहेरी अट काढली. तथापि धर्मपीठाच्या निर्णयाने दिवाणी विवाह सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता लवकर सुटकेविषयी. सर्वांत जवळची वाट दहा-अ हीच. कायद्याच्या शब्दांत त्यासाठी दोन वर्षे वेगळे राहणे आवश्यक आहे, आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे. हिंदूंना व विशेष विवाह कायद्याखाली विवाह केलेल्यांना विभक्ततेचे एकच वर्ष पुरते. हा भेद केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये घटनाबाह्य ठरवून एक वर्ष वाचावे असे म्हटले, आणि २०२२ मध्ये एक वर्षाची अटही अमान्य केली. कायद्याच्या छापील पुस्तकात मात्र 'दोन वर्षे' असेच शब्द आहेत. म्हणून केरळचे निर्णय वकिलास दाखवून मगच तारीख ठरवावी. सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते, असे हिंदू विवाहाबाबत २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणात ठरले. आपल्या कलमाची रचना त्याच धर्तीची असल्याने तो आधार मांडता येतो. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांचा लेखी निकाल आधी लावलेला असला, तर न्यायाधीशासमोर वेळ फार वाचतो. या मध्यस्थीत पाळकाचा उपयोग वकिलापेक्षा अधिक असतो, असे माझे मत आहे.

मुद्रांक कागदावर केलेली फारकत किंवा मंडळीच्या पंचांची चिठ्ठी ही मात्र वाट नव्हे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना घेऊन विवाह लावणाऱ्या उपदेशकाने साठाव्या कलमाची अट ध्यानात ठेवावी : वधू किंवा वर यांपैकी कोणाचाही पती वा पत्नी हयात असता कामा नये. म्हणून पूर्वी विवाह झालेल्याकडून न्यायालयाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत घ्यावी, आणि अपिलाची मुदत संपली काय, की अपील होऊन ते फेटाळले गेले, हे तारखांवरून तपासून मगच घोषणा वाचावी.