सोळा आणे माती

लालबाग-परळच्या शाळेत मातीचा धडा शिकवणे अवघड आहे. खणायला जागा नाही, आणि खणलेच तर विटांचे तुकडे, राख आणि जुनी भरणी निघते. मुंबई बेटावर जमिनीचा सातबाराही नसतो, इथे सी. एस. नंबर आणि मालमत्ता पत्रक चालते. तरी गिरणगावातल्या पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी गावाकडच्या जमिनीचा सातबारा जपून ठेवलेला असतो. तो एखाद्या विद्यार्थ्याला आणायला सांगावा आणि त्यातील 'आकार' या शब्दासमोरची रुपये-पैशांची रक्कम वाचायला लावावी. एकरांच्या मानाने ती इतकी लहान असते की मुले हसतात. पण त्या रकमेमागे मातीच्या वर्गीकरणाचा एक मोठा प्रयोग आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा सारा ठरवण्याचे काम मुंबई सरकारकडे आले. जमिनीची प्रत पाहून सारा घेण्याची रीत इथे जुनीच होती. काळी, तांबडी, बरड, माळ असे फरक गावाला ठाऊक होते आणि दप्तरांत अव्वल, दूम, सीम अशा प्रती लिहिल्या जात. नव्या सरकारला मात्र हे 'शास्त्रीय' करायचे होते. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी केली. इंग्लंडमध्ये हेलीबरीच्या कॉलेजात तो माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असे त्याचे गणित होते.

कागदावर गणित निर्दोष होते, पण त्यात घातलेले आकडे तसे नव्हते. हजारो शेतांचे उत्पन्न आणि खर्च कोण मोजणार? हाताखालच्या कारकुनांनी अंदाज लिहिले, काहींनी पैसे घेऊन लिहिले. त्यातच धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि मुंबई इंजिनिअर्सचा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूरचे काम नव्याने हाती घेतले. पुढे डेव्हिडसन हा अधिकारीही त्यांना मिळाला आणि १८४७ मध्ये तिघांनी संयुक्त अहवालात पद्धतीचे नियम मांडले. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण एका गोष्टीत होते. शेतातून किती पिकते हे मातीवरून काढायचेच नाही, असे त्यांनी ठरवले. हे शेत त्या शेताच्या मानाने किती चांगले, एवढेच माती सांगेल. तालुक्याने एकूण किती द्यावे हे मागील वसुली, बाजारभाव, हवामान आणि बाजाराचे अंतर यांवरून ठरेल. निरपेक्ष मापापेक्षा तुलना अधिक भरवशाची असते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

आता प्रतबंदी पाहू. मातीचे तीन वर्ग केले: बारीक, एकसारखी, काळी ते गडद तपकिरी, तिच्याहून जाडसर, बहुधा तांबडी, आणि भरड, खडेमिश्रित, फिकी. मग शेत ठिकठिकाणी खणून खोली हातात मोजायची. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. पाव हात कमी झाला की चौदा, मग बारा, दहा, आठ, सहा. पाव हातच खोली असेल तर साडेचार आणे. दुसऱ्या वर्गाची माती तेवढ्याच खोलीला एक प्रत खाली. अशा एकूण नऊ प्रती होत्या आणि शेवटची दोन आण्यांची होती.

याशिवाय सात दोष होते: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीत चिकटपणा नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली जाणे आणि उपळ फुटून ओल राहणे. प्रत्येक दोषाला खूण ठरलेली होती आणि एका दोषामागे एक प्रत उतरे. शेताच्या कच्च्या नकाशावर सारखे चौकोन पाडून प्रत्येकात खोली, दोष आणि प्रत मांडायची. समजा, चार चौकोन १०, ८, ८ आणि ६ आण्यांचे निघाले, तर शेत सरासरी आठ आणे. म्हणजे उत्तम जमिनीच्या निम्म्या दराचे. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचेही सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. (पिकाचा अंदाज सांगणारी 'आणेवारी' निराळी, पुष्कळांची इथे गल्लत होते.)

खोलीला एवढे महत्त्व का? इंदापूर अवर्षणी भाग आहे. तिथली रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. काळ्या मातीतील चिकणमातीची खनिजे भरपूर पाणी धरतात. थर जितका जाड, तितकी टाकी मोठी. पावणेदोन हात म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर. आलेख काढला तर अर्ध्या हातापासून पुढे सरळ रेषा मिळते: दर पाव हाताला, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरला, दोन आणे. खनिजांची रचना त्या काळी कोणालाच माहीत नव्हती. मृदाशास्त्राचा जनक मानला जाणारा रशियन शास्त्रज्ञ डोकुचाएव याचा काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ चा. आणि निझनी नोवगोरोद प्रांतातली त्याची पाहणीही जमिनीवरील कर ठरवण्यासाठीच होती. १९७६ मध्ये नागपूरला स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आज खोल खड्डा घेऊन प्रत्येक थराचा रंग, पोत, चुना आणि रसायने तपासते. पण खोली, पोत, उतार, चुनखडी आणि निचरा हे रकाने तिच्या तक्त्यांतही आहेत.

इंदापुरात पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. आकारणी तीस वर्षांसाठी ठरलेली होती. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, तेव्हा अमेरिकन यादवीमुळे कापसाचे आणि त्यासोबत इतर मालाचेही भाव चढलेले होते. दर बरेच वाढवले गेले आणि मग भाव घसरले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या उठावाची कारणे अनेक होती, सारावाढ हे त्यांपैकी एक. माती तीच होती. चूक झाली ती तिला लावलेल्या दरात.

कोकणात मात्र हा तक्ता जसाच्या तसा चालला नाही. तिथे पाऊस भरपूर, तेव्हा खोलीपेक्षा पाणी खाचरात टिकते की नाही याला किंमत. म्हणून भातजमीन आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन यांची प्रतबंदी वेगवेगळी करावी लागली. परळच्या वर्गात रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा सातबारा शेजारी ठेवला, तर 'वरकस' हा शब्द त्यांतल्या एकातच सापडण्याची शक्यता अधिक.