मुलकी नियम
भूतपूर्व हैदराबाद संस्थानात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या व्यक्तीस संस्थानच्या कायम रहिवाशाचा दर्जा कोणत्या अटींवर मिळावा, हे ठरविणारे नियम. ‘मुलकी’ म्हणजे मुलखातील, देशचा. ज्यास हा दर्जा नसे तो ‘गैरमुलकी’ गणला जाई. नियमांचा मुख्य रोख सरकारी नोकऱ्यांवर होता.

पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) राज्यकारभाराची पुनर्रचना झाली व तीसाठी उत्तर हिंदुस्थानातून अनेक सुशिक्षित अधिकारी आणण्यात आले. त्यामुळे स्थानिक उमेदवारांत असंतोष वाढला आणि मुलकी–गैरमुलकी हा भेद संस्थानच्या राजकारणात रुजला. पुढे १९१९ मध्ये निजामाच्या फर्मानाने हे नियम निश्चित स्वरूपात आले व मुलकी सेवा-विनियमांत समाविष्ट झाले. गैरमुलकी व्यक्तीस निजामाच्या खास मंजुरीवाचून नोकरीत घेऊ नये, असे बंधन त्यांत होते.

मुलकी दर्जा चार मार्गांनी मिळे : (१) जन्माने संस्थानचा प्रजाजन असणे, (२) दीर्घ वास्तव्य, (३) जन्मसमयी वडील संस्थानच्या सेवेत असून त्यांची पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झालेली असणे, (४) मुलकी पुरुषाशी विवाह. यांपैकी दुसरा मार्ग परक्यास खुला होता. त्यासाठी संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य असावे लागे. शिवाय पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडला आहे, असे विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र न्यायदंडाधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून द्यावे लागे. वास्तव्याची वर्षे मोजता येत. मनातील इराद्याची खात्री मात्र केवळ शपथेवर अवलंबून राही. गैरमुलकी पुरुषाशी विवाह केलेल्या मुलकी स्त्रीचा दर्जा नष्ट होई. पतिनिधनानंतर किंवा घटस्फोटानंतर ती परत येऊन कायम राहू लागल्यासच तो तिला पुन्हा प्राप्त होई.

मुलकी दर्जाचा निकष भाषा वा धर्म हा नव्हता, तर संस्थानशी असलेला संबंध हा होता. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील आजचे अंकुशनगर ज्या परिसरात आहे, तो त्या काळी संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. शेजारच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यातून तेथे आलेला मराठी भाषक नियमानुसार गैरमुलकी ठरे. मात्र वरंगळहून आलेला तेलुगू भाषक मुलकी असे. दोन्ही बाजूंस एकच भाषा व सोयरीक असलेल्या सीमाभागात राजकीय सीमेनेच घरचा व परका हा भेद निर्माण केला.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व कर्मचारी हैदराबादेत आणण्यात आले. खोटी मुलकी प्रमाणपत्रे दिली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या. १९५२ मध्ये वरंगळ व हैदराबाद येथे विद्यार्थ्यांचे आंदोलन उसळले. सप्टेंबरमध्ये हैदराबाद शहरात पोलिसांच्या गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले.

भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदानुसार सरकारी नोकरीसाठी निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. तथापि पस्तिसाव्या अनुच्छेदाने पूर्वीचे असे कायदे संसद बदलेपर्यंत चालू ठेवले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. संसदेने १९५७ मध्ये केलेला यासंबंधीचा कायदा २१ मार्च १९५९ पासून अंमलात येऊन निवासाच्या अटी रद्द झाल्या. मराठवाड्यापुरता मुलकीचा प्रश्न येथे संपला. तेलंगणास मात्र काही काळ सवलत देण्यात आली. त्या सवलतीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६९ मध्ये अवैध ठरविले. परंतु ३ ऑक्टोबर १९७२ च्या निर्णयाने तेलंगणात मूळ मुलकी नियम अद्याप लागू असल्याचे मान्य केले. या निर्णयाविरुद्ध आंध्र भागात तीव्र आंदोलन झाले. अखेर १९७३ मध्ये मुलकी नियम संसदेने रद्द केले व बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने ३७१-ड हा अनुच्छेद घालून आंध्र प्रदेशात स्थानिक उमेदवारांसाठी वेगळी व्यवस्था केली.

पंधरा वर्षांनी व शपथेने परक्यास आपला मानण्याची वाट या नियमांनी खुली ठेवली, हा त्यांचा उदार भाग होय. परंतु हा दर्जा नोकरीची किल्ली बनल्याने प्रमाणपत्रास माणसाच्या प्रत्यक्ष मुळांहून अधिक मोल आले आणि रहिवासाचा प्रश्न नोकऱ्यांच्या वाटणीचा झाला. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने, भारतात अधिवास एकच असून तो भारताचा आहे, राज्याचा स्वतंत्र अधिवास नाही, असे स्पष्ट केले. तरीही राज्याराज्यांत ‘भूमिपुत्र’ कोण हा वाद निघतो, तेव्हा वर्षे मोजावीत की इरादा पाहावा, हा मुलकी नियमांतील जुनाच पेच पुन्हा समोर येतो.