जुना संच, नवा संच आणि खारा वारा

मुंबईहून निघालेली बोट विजयदुर्गच्या बंदराला लागत असे, त्या काळात गावी येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या सामानात एक जड लाकडी पेटी असायची. ग्रामोफोन! गावात वीज नव्हती, पण या यंत्राला ती लागतच नसे. चावी दिली की आतली स्प्रिंग तबकडी फिरवी. पेटी नवी कोरी असेच असे नाही. मुंबईच्या चोरबाजारात वापरलेले ग्रामोफोनही मिळत. तेव्हा बेताच्या पैशांत ‘नवा घ्यावा की जुना?’ हा प्रश्न फार जुना आहे. शाळेसाठी ध्वनिसंच घ्यायचा ठरला की शिक्षक-खोलीत तो आजही निघतो, आणि उत्तर बहुधा चकाकी पाहून दिले जाते. आपण जरा वेगळे विचारू या. यातला कोणता भाग झिजतो?

ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या असत. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जाई. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. तिच्यावर घासून पोलादी सुईचे टोक खोबणीच्या आकाराचे होई, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असे. काटकसरी घरांत मात्र एकच सुई दिवसचे दिवस चाले आणि झिजलेले टोक खोबणी खरवडत राही. अशा घरातली पेटी खुशाल घ्यावी, तबकड्या मात्र ऐकून घ्याव्यात.

पुढे रेडिओ आला. त्यातला झिजणारा भाग व्हॉल्व्ह. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि काही हजार तासांनी त्यांचा ओघ मंदावतो. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि तापवायची तार गेली. १९४८ साली अमेरिकेत बारीक खोबणीची, एका बाजूला वीसेक मिनिटे वाजणारी व्हिनाइलची तबकडी बाजारात आली. तिच्यासाठी हिऱ्याची सुई वापरू लागले. हिरासुद्धा झिजतो, पण शेकडो तासांनी. वापरलेल्या रेकॉर्ड प्लेअरची सुई किती तास चालली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून सुई नवीच घ्यावी. रबरी पट्टाही बदलावा.

स्पीकरची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी स्पीकर हवाबंद पेटीत बसवला आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग केले. मग कागदी शंकूची कड ताठ ठेवायची गरज उरली नाही. लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. पुढे अनेक कंपन्यांनी मऊ कडेसाठी पॉलियुरेथेनचा फोम वापरला. दमट हवेत तो सावकाश विघटित होतो आणि त्याचा चुरा होतो. हे मी पैसे घालवून शिकलो. हौसेने घेतलेली जुनी जोडी घरी आणून लावली, तबल्याची पहिली थाप पडली आणि कडेचे तुकडे जमिनीवर! लाकडी पेट्या मात्र नव्यासारख्या चकचकीत होत्या. नवी कड चिकटवून घेता येते, पण तो खर्च आधीच धरावा. कड रबराची किंवा कापडाची असेल तर फारच छान.

अॅम्प्लिफायरमध्ये पाहायचे ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकणारा कपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. वर्गात हे गणित जरूर घालावे: ४५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे रोज तीन तास वाजवला तर सुमारे २९ वर्षे. पण माळ्यावर नुसता पडलेला संच ‘वापरलाच नाही, नव्यासारखा आहे’ म्हणून विकतात, ते खरे नव्हे. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने आतला ऑक्साइडचा थर दुबळा होतो. असा संच एकदम चालू न करता जाणकाराकडून तपासून घ्यावा. व्हॉल्व्हच्या संचात तर शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. तो विद्यार्थ्यांना उघडू देऊ नये.

विजयदुर्गसारख्या ठिकाणी यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. हवेतल्या मिठाच्या कणांवर ओल धरते, तांब्यावर हिरवा थर चढतो, स्विच खरखरतात. देशावर दहा वर्षे वापरलेला संच किनाऱ्यावरच्या पाच वर्षांच्या संचापेक्षा निरोगी निघू शकतो. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध असताना आखातातून परतणाऱ्यांनी आणलेले परदेशी संच अजून काही घरांत दिसतात. ते घ्यायचे तर झाकण काढून आधी तांबे पाहावे.

वॉटच्या आकड्यावर पैसे घालवू नयेत. २० चे ४० वॉट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढाच फरक अधिक संवेदनशील स्पीकर घेऊन साधतो. माझ्यापुरते म्हणाल तर अॅम्प्लिफायर आणि रबरी कडेचे स्पीकर मी जुने घेईन, सुई आणि पट्टा नवा. सीडी प्लेअर जुना घेणार नाही, कारण त्याचा लेझर मंदावला तर सुटा भाग मिळणे कठीण. विकत घ्यायला जाताना बरोबर ओळखीचे एक गाणे न्यावे, अर्धा तास वाजवावे आणि शंकू चारी बोटांनी अलगद आत दाबून पाहावा. आत खरडल्याचा आवाज आला तर पेटी तिथेच ठेवावी.