दुखंडी क्यूचा सांधा

विरारच्या पूर्वभागीं, पापडखिंडीच्या धरणाजवळ असलेल्या फुलपाड्याचा आणि बिलियर्ड या साहेबी खेळाचा काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. संबंध आगगाडीचा आहे. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार व मुंबईचें बॅक बे यांच्या दरम्यान लोकल गाडी सुरू झाली. १९३६ सालीं ती विरारपर्यंत विजेवर धांवूं लागली. फुलपाड्याच्या खेळाडूस मुंबईच्या टेबलावर खेळावयाचें असेल, तर हीच त्याची वाट. आतां विरारच्या गाडींतील गर्दी ज्यानें पाहिली आहे त्याला, पावणेपांच फूट लांबीची अखंड काठी तींत कशी न्यावी, ही अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं. खेळाच्या दृष्टीनें अखंड क्यूच उत्तम. मधला सांधा ही प्रवासी माणसानें खेळावर लादलेली तडजोड आहे.

प्रारंभीं हा खेळ क्यूनें खेळतच नसत. रुंद डोक्याच्या ‘मेस’ नांवाच्या दांड्यानें चेंडू ढकलीत. चेंडू टेबलाच्या कडेस चिकटला म्हणजे तें डोकें अडे, आणि दांडा उलटा धरून त्याच्या निमुळत्या शेपटीनें टोला द्यावा लागे. फ्रेंच भाषेंत शेपटीस ‘क्यू’ म्हणतात. तेंच नांव पुढें काठीस मिळालें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील मँगो यानें क्यूच्या टोकास कातड्याची टोपी बसविली. तिच्यामुळें चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली, आणि टोल्याचें बारीकसें स्पंदन ओळखणें हें खेळाडूच्या हाताचें खरें शिक्षण ठरलें. अखंड लांकडांतून निर्वेध येणारें हें स्पंदन सांध्यापाशीं मात्र अडखळतें.

हिंदुस्थानांत हा खेळ छावण्यांतून रुजला. १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें स्नूकर हा नवा प्रकार काढला. (पुढें इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) जबलपूर तेव्हां मध्यप्रांतांत, म्हणजे नागपूरच्या कारभाराखालीं होतें. १९५८ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं कलकत्त्यास जागतिक हौशी बिलियर्डचें अजिंक्यपद मिळविलें. वैयक्तिक खेळांत जगज्जेते ठरलेले ते पहिले भारतीय होत.

जुन्या दुखंडी क्यूंपैकीं कांहींत पितळेचा पेंच नसून लांकडांतच आटे पाडलेले असतात. एका तुकड्याच्या टोकास आट्यांची खुंटी आणि दुसऱ्यांत तिला जुळणारें भोंक. कारागीर यांस नर व मादी म्हणतात. लांकडाचे आटे लोखंडासारखे बारीक करतां येत नाहींत, कारण तंतू आडवे तोडल्यामुळें बारीक आट्याचा टवका उडतो. शिवाय दमट हवेंत लांकूड लांबीस वाढत नाहीं म्हटलें तरी चालेल, पण जाडीस फुगतें. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत खुंटी भोंकांत आवळून बसते, मालक जोर करतो, आणि भोंकाची पातळ भिंत तंतूंच्या रेषेवर उभी चिरते. कोरड्या हवेंत तीच खुंटी आकसून डगमगूं लागते.

अशा वेळीं पितळी पेंच बसवून मोकळें व्हावें, असा मोह पडतो. त्यासाठीं मूळचे आटे कोरून टाकावे लागतात, आणि धातूचें वजन वाढून हातांत मुरलेला तोल बिघडतो. एकदां कोरलेलें लांकूड परत येत नाहीं. शहाणा कारागीर आधीं दोष कोठें आहे हें पाहतो. आट्यांचें काम ओढून धरण्याचें. टोला सोसतात तीं दोन तुकड्यांचीं तोंडें. तीं एकमेकांस पुरतीं टेकलीं नाहींत तर टोल्याबरोबर ‘कट्’ असा आवाज होतो. कागदाची चकती मध्यें घालून तात्पुरतें भागतें. तोंडें कानशीनें घासूं मात्र नयेत. काटकोन किंचित् ढळला तरी काठी सांध्यापाशीं वांकते.

आटे नुसते मळले असल्यास कोरड्या ब्रशानें झाडून मेणाचा हात पुरतो. भिंत चिरली असल्यास ऊन सरस चिरेंत मुरवावा, आट्यांवर आलेला लगेच पुसावा, वरून दोरा घट्ट गुंडाळावा आणि एक दिवस हात लावूं नये. खुंटीच तुटली असेल, तर कातारी जुन्या भोंकाचें माप घेऊन कठीण लांकडाची नवी खुंटी कातून देतो. तिचे तंतू लांबीच्या दिशेनेंच असावे लागतात.

सरस कातड्या-हाडांचा असतो. ऊब व ओल लागली कीं तो सुटतो, त्यामुळें पुढच्या कारागिरास सांधा न फोडतां उघडतां येतो. आजच्या राळेच्या चिकटद्रव्यांत ही सोय नाहीं. पण आषाढांत हाच गुण बाधतो. म्हणून दुरुस्त केलेली काठी पावसाळ्यांत भिंतीशीं टेकून न ठेवतां, तुकडे वेगळे करून, कोरड्या पेटींत आडवी ठेवावी.