मूल्यप्रवाह आरेखन आणि महसुली कामकाज : संग्रामपूर तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कामाचा प्रवास कागदावर रेखाटून त्यातील निरर्थक थांबे शोधणे, ही कल्पना आज मूल्यप्रवाह आरेखन या नावाने व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकविली जाते. तिचे मूळ जुने आहे. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने 1921 मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्यांची मांडणी केली होती. पुढे जपानमधील टोयोटा कारखान्यात वस्तू आणि माहिती या दोहोंचा प्रवाह एकाच आराखड्यावर दाखविण्याची रीत रुजली आणि माईक रॉदर व जॉन शूक यांच्या 1998 मधील ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली. प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ आणि नुसत्या प्रतीक्षेत जाणारा वेळ वेगवेगळा मोजणे, हे या आरेखनाचे सार होय. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूरसारख्या कृषिप्रधान तालुक्यात मोठे कारखाने नाहीत. मात्र तहसील कार्यालय आहे, आणि तेथील कागदांचा प्रवासही असाच रेखाटता येतो.

लखिना प्रयोग :

महाराष्ट्राला ही दृष्टी सर्वस्वी परकी नाही. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातील बैठकव्यवस्था, अभिलेख कक्ष आणि संचिकांची मांडणी यांत आमूलाग्र बदल केले. हा प्रयोग लखिना पॅटर्न या नावाने राज्यातील इतर कार्यालयांतही नेण्यात आला. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण आणि सहा गठ्ठे पद्धत ही नावे महसूल कर्मचाऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची 'ड' वर्गीय कागदपत्रे असे हे सहा गठ्ठे. टोयोटाच्या पद्धतीचा येथे नामोल्लेखही नव्हता. तरीही प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा वेगळा बांधणे म्हणजे थांबलेले काम डोळ्यांना दिसेल असे ठेवणे होय.

या पद्धतीची मर्यादाही येथेच आहे. तिने एकेक टेबल स्वच्छ केले. टेबलांमधील वाट मोजली नाही. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या राज्य अधिनियमातील कलम 10 या दृष्टीने बोलके आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे ते सांगते. सहा टेबलांवरून जाणारी संचिका प्रत्येक ठिकाणी सात दिवस थांबली तर 42 कामकाजाचे दिवस होतात. 29 फेब्रुवारी 2020 पासूनच्या पाच दिवसांच्या आठवड्यात हे जवळजवळ दोन महिने झाले, आणि एकही कर्मचारी दोषी नाही! म्हणूनच त्याच कलमात, दुसऱ्या विभागाकडे न पाठवावयाच्या संचिकेवरील निर्णयासाठी 45 दिवसांची एकत्रित मुदत घातलेली दिसते. टेबलाऐवजी संपूर्ण प्रवाहाकडे पाहणारी तरतूद ही दुसरी होय.

फेरफाराचा प्रवाह :

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली. तत्पूर्वी विदर्भात मध्य प्रदेशची 1954 ची संहिता लागू होती. 1966 च्या संहितेतील कलम 149 व 150 यांनी फेरफाराचा मार्ग आखून दिला आहे. हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्यास (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी) कळवावयाचे. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घेऊन तिची प्रत चावडीवर लावावयाची व हितसंबंधितांना सूचना द्यावयाची. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवावयाची. हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची.

हा मार्ग रेखाटला असता लेखणी चालण्याचा वेळ थोडा आणि प्रतीक्षेचा काळ मोठा दिसतो. कारखान्याच्या निकषाने ही सारी प्रतीक्षा अपव्यय ठरेल. येथे तो निकष जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत म्हणजे सासरी नांदणाऱ्या बहिणीला, परगावी कामाला गेलेल्या भावाला किंवा निरक्षर विधवेला हरकत घेण्यासाठी दिलेली संधी आहे. ती वगळल्यास कागद वेगाने धावेल, पण हक्क मागे राहील. याउलट मुदत संपल्यानंतर प्रमाणनाविना गेलेला प्रत्येक दिवस मात्र निखळ अपव्यय होय. दोन्ही प्रतीक्षा आराखड्यावर एकाच चिन्हाने दाखविल्या, तर सुधारणेची कुऱ्हाड नको त्या ठिकाणी पडण्याचा धोका संभवतो.

ई-फेरफार प्रणालीने माहितीचा बाण सरळ केला, हे मान्य करावयास हवे. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून संगणकाद्वारे तलाठ्यापर्यंत पोहोचू लागली. वारसाच्या नोंदीला मात्र असा उगम नाही. मृत्यूची घटना कोणत्याही नोंदणीकृत दस्ताने महसूल दप्तराकडे आपोआप येत नाही. वारसालाच अर्ज, मृत्यू दाखला व वारसांची माहिती घेऊन जावे लागते. कपाशी, सोयाबीन व तुरीच्या या पट्ट्यात पीककर्जासाठी बँक सात-बारा मागते. उताऱ्यावर मृत खातेदाराचेच नाव असेल आणि मे महिन्यात सुरू झालेला फेरफार प्रमाणनाअभावी जुलैपर्यंत अडला, तर कर्ज हाती येण्यापूर्वीच पेरणीची वेळ निघून गेलेली असते.