तिहेरी मुकुटाचा मागोवा

पावलो सोरेंतिनो यांच्या ‘द यंग पोप’ (२०१६) या मालिकेत ज्यूड लॉने रंगवलेला तरुण पोप, तेरावा पायस, गादीवर येताच एक वस्तू परत मागवतो: वॉशिंग्टनला गेलेला पोपचा तिहेरी मुकुट. तो डोक्यावर चढवून, सेवकांच्या खांद्यावरल्या खुर्चीत बसून तो सिस्टिन चॅपेलमध्ये येतो आणि कार्डिनलांना मुकाट आज्ञापालनाची तंबी देतो. हा पोप कल्पित आहे, पण वॉशिंग्टनमधला मुकुट खरा आहे.

मुळात हा मुकुट म्हणजे निमुळती पांढरी टोपी. पुढे तिला एक मुकुटपट्टी आली. मग पोप आठव्या बोनिफास यांनी १३०२ साली प्रत्येक मनुष्य पोपच्या अधीन असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास दुसरी पट्टी चढली आणि काही वर्षांतच तिसरी. दावा वाढत गेला तसा मुकुटही उंच होत गेला.

नेपोलियनच्या काळात त्याची खरी परीक्षा झाली. सहावे पायस १७९९ साली फ्रेंचांच्या कैदेत वारले. जुने मुकुट खंडणीत आणि लुटीत गेले होते. मार्च १८०० मध्ये व्हेनिसला सातव्या पायस यांचा राज्याभिषेक झाला, तो कागदाच्या लगद्याच्या मुकुटाने. तरीही ते तितकेच पोप होते. श्रद्धावंतांना सोन्याची उणीव भासली नाही. पुढे स्वतःच्या राज्याभिषेकानंतर नेपोलियनने त्यांना रत्नजडित मुकुट भेट दिला. तो इतका जड आणि तोकडा होता की डोक्यावर नीट बसेना. त्याच नेपोलियनने १८०९ साली या पोपनाही कैद केलं. राजाने दिलेल्या मुकुटाचं मोल किती, हे यावरून कळतं.

सहाव्या पॉल यांनी ३० जून १९६३ रोजी मिलानकरांनी दिलेला मुकुट धारण केला. १३ नोव्हेंबर १९६४ रोजी, व्हॅटिकन परिषद चालू असताना, त्यांनी तो गरिबांच्या नावाने सेंट पीटर्समधल्या वेदीवर ठेवून दिला. नंतर तो अमेरिकेत, वॉशिंग्टनला गेला. मुकुट वेदीवर ठेवल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पोप मुंबईत होते. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावरच्या सोहळ्यांना अलोट गर्दी लोटली. निघताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना दिली आणि तिच्या सोडतीतून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामी आला. मुकुट उतरवण्याचा अर्थ मला त्या मोटारीत जास्त स्पष्ट दिसतो.

१९७८ साली पहिल्या जॉन पॉल यांनी राज्याभिषेकच नाकारला आणि पुढच्यांनी तीच वाट धरली. २००५ साली सोळाव्या बेनेडिक्ट यांनी आपल्या राजचिन्हातूनही मुकुट काढून बिशपची साधी टोपी घेतली. व्हॅटिकनच्या झेंड्यावर तो अजून आहे. मुकुट घालू नये असा नियम मात्र कुणी केलेला नाही. तरीही १९६४ नंतर एकाही पोपने तो डोक्यावर चढवून राज्याभिषेक करून घेतलेला नाही.