पेड न्यूज

पेड न्यूज (सशुल्क बातमी) म्हणजे रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन बातमी अथवा विश्लेषण म्हणून प्रसिद्ध केलेला मजकूर होय. भारतीय वृत्तपत्र परिषदेने ही व्याख्या केली असून ती मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक या दोन्ही माध्यमांना लागू होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर हा विषय देशभर चर्चेत आला. निवडणूक काळातील प्रामाणिक राजकीय चर्चा आणि तीबाबतची वृत्तमाध्यमांची जबाबदारी यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

स्वरूप

जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली गेली, तर ती कोणी दिली हे वाचकाला समजते. पेड न्यूजमध्ये हाच भेद पुसला जातो. उमेदवाराची स्तुती वार्ताहराच्या किंवा विशेष प्रतिनिधीच्या नावाने, नेहमीच्या बातमीच्या मांडणीत छापली जाते. प्रचारफेरी, मुलाखत, विशेष पुरवणी अशा बाबी एकत्र करून ठरावीक रकमेची ‘पॅकेज’ विकली जात असल्याचे आरोप झाले आहेत. प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा मजकूर छापणे किंवा त्याची बातमीच न देणे, हेही या व्यवहाराचे प्रकार मानले जातात.

या व्यवहारात तीन प्रकारची फसवणूक होते. वाचक प्रचाराला स्वतंत्र वृत्त समजतो. उमेदवाराचा खर्च निवडणूक हिशेबात येत नाही. आणि माध्यमसंस्थेचे उत्पन्न लपवले जाते. पैसे देऊ न शकणारा उमेदवार चर्चेतून वगळला जातो, हा चौथा परिणाम होय.

पक्षपात आणि पेड न्यूज

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ने १८३२ मध्ये झाला. पुढे अनेक पत्रांनी उघड भूमिका घेतल्या. सामाजिक सुधारणांवरील मतभेदांमुळे गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, ते प्रचलित पत्रांत बहिष्कृत समाजाच्या प्रश्नांना स्थान मिळत नव्हते म्हणून. या पत्रांची भूमिका एकांगी असली, तरी ती वाचकापासून लपवलेली नव्हती. त्यामुळे घोषित मतप्रचार आणि पेड न्यूज यांत फरक केला जातो. मत बाळगणे हा येथे दोष नसून मजकुरामागील मोबदला दडवणे हा दोष आहे.

२००९ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक

या निवडणुकीसाठी १३ ऑक्टोबर २००९ रोजी मतदान झाले. त्यानंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकात लेख लिहून पेड न्यूजचा प्रश्न मांडला. तत्कालीन मुख्यमंत्री आणि नांदेड जिल्ह्यातील भोकरचे उमेदवार अशोक चव्हाण यांची प्रशंसा करणारा सारखाच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आल्याचे त्यांनी दाखवले. चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवरील जाहिरातींसाठी ६,००० रुपये नोंदवलेले होते. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा १० लाख रुपये होती. चव्हाण यांनी आरोप नाकारले.

पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. केवळ हिशेब वेळेत सादर झाला की नाही एवढेच न पाहता तो खरा आहे का, याचीही चौकशी आयोग करू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी दिला. हिशेब विहित रीतीने सादर झाला नसल्याचा निष्कर्ष आयोगाने जुलै २०१४ मध्ये काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो आदेश रद्द केला.

वृत्तपत्र परिषदेचा अहवाल

वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला व त्यात संबंधित माध्यमसंस्थांचा नामनिर्देश केला. परिषदेने ३० जुलै २०१० रोजी मात्र संक्षिप्त अहवाल स्वीकारला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर मूळ अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांच्या गैरव्यवहाराची माहितीही माहिती अधिकारातून मिळवावी लागली, या कारणाने हा प्रसंग पत्रकारितेच्या चर्चेत वारंवार उल्लेखिला जातो.

नियंत्रण यंत्रणा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने खर्चाचा अचूक हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. कलम १०-अ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये अशी कारवाई झाली. पेड न्यूजशी संबंधित अपात्रतेचे हे पहिले प्रकरण होते.

निवडणूक काळात जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती काम करते. संशयित मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस दिली जाते व त्याने ४८ तासांत उत्तर देणे अपेक्षित असते. पेड न्यूज असल्याचे ठरल्यास जाहिरात दरांनुसार काढलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. या निर्णयाविरुद्ध राज्यस्तरीय समितीकडे आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते. ही यंत्रणा जिल्हानिहाय असल्याने दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीसारख्या गावातील मतदाराला सोलापूर येथील जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते.

मर्यादा

व्यवहार बहुधा रोखीने आणि पावतीविना होत असल्याने पुरावा मिळणे कठीण असते. मजकूर देणारा आणि घेणारा दोघेही लाभार्थी असल्यामुळे तक्रार सहसा प्रतिस्पर्ध्याकडून येते. वृत्तपत्र परिषद समज देऊ शकते वा निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात पेड न्यूजची व्याख्या कायद्यात समाविष्ट करून तिला निवडणूकविषयक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली.

कारवाईचा रोख मुख्यतः उमेदवाराच्या खर्चावर राहतो. वाचकाची दिशाभूल करणाऱ्या माध्यमसंस्थेचे उत्तरदायित्व यामुळे बव्हंशी तिच्या अंतर्गत शिस्तीवर अवलंबून असते. जाहिरात आणि संपादकीय विभाग वेगळे ठेवणे, सशुल्क मजकुरावर ‘जाहिरात’ असा ठळक उल्लेख करणे आणि सर्व उमेदवारांची दखल घेणे, हे या शिस्तीचे प्रमुख घटक मानले जातात.

हे सुद्धा पहा

भारतीय वृत्तपत्र परिषद
भारतीय निवडणूक आयोग
आदर्श आचारसंहिता
मराठी वृत्तपत्रांचा इतिहास